वहीतला करार

“बाईनं करार करून टाकला ना वो, अन् आपल्याले पत्ताच नाही.”

मामी मागच्या दारात उभी राहून फोनवर बोलत होती. आत, कोठीच्या खोलीत मी प्रवासातला ड्रेस उतरवून शेतात घालायचा जुना ड्रेस चढवत होते. मधे फक्त एक पडदा होता. बाई म्हणजे माझी आई. मामी नणदेला बाई म्हणते. फोनच्या पलीकडे मामा होता, वावरात. आईही चहा घेऊन आधीच तिकडे गेली होती.

“तिच्या पिशवीत वही भेटली मले. तिच्याच हातचं हाय. आइका तं.” मग ती शब्दाशब्दावर बोट ठेवावं तशी सावकाश वाचू लागली. “मी नव्या करारात आले. जुना करार संपला. माझं जे होतं ते सगळं आता त्याचं. माझं म्हणून काही ठेवलं नाही... खाली तारीख हाय. अन् कोन्या साह्यबाची सही हाय, इंग्रजीत.”

पलीकडून मामानं काही विचारलं. मग म्हणाली, “आता कायची हक्कसोड करते थे! तुमी बसा फुलं तोडत.”

माझा एक हात बाहीत होता, एक बाहेर. मी तशीच उभी राहिले. मामीची चूक कुठे होत होती ते मला लगेच कळलं. त्या घरात ते कळू शकेल अशी मी एकटीच होते.

आईनं तीन महिन्यांपूर्वी बाप्तिस्मा घेतला होता. अमरावतीत राजापेठेत आम्ही दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहायचो. तिथून चार गल्ल्या पलीकडे, हार्डवेअरच्या दुकानावरच्या एका हॉलमध्ये, दर रविवारी चाळीसेक माणसं प्रार्थनेला जमत. बाबा गेल्यावर आई शिवणकाम करू लागली आणि ब्लाउज शिवायला टाकणाऱ्या एका बाईबरोबर तिथं जाऊ लागली. बाप्तिस्म्याआधी तिथले पास्टर मोठ्या माणसांनाही धडे देत. प्रत्येक धडा ज्याचा त्यानं आपल्या शब्दांत वहीत लिहून आणायचा, खाली ते सही करायचे. आई सातवीपर्यंत शिकलेली. त्या चार ओळी लिहायला तिनं दोन संध्याकाळी घालवल्या होत्या. ‘म्हणून’मधला उकार पहिला की दुसरा असं तिनं मला विचारलं होतं, आणि मलाही नक्की सांगता आलं नव्हतं.

माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, सिस्टर लोकांची. ‘कव्हेनंट’ हा शब्द मी तिथल्या चॅपेलमध्ये आठवीत ऐकला होता. भाड्याच्या खोलीचा असतो तो कागद म्हणजे ‘ॲग्रीमेंट’. माझ्यासाठी ते दोन शब्द कधीच एकमेकांना भेटले नव्हते. मराठीत मात्र देवानं माणसाशी केला तोही करार, आणि शेजारच्याला वावर लिहून दिलं तोही करारच. मामीच्या घरात करार म्हटलं की स्टॅम्प पेपर, साक्षीदार आणि तालुक्याचं ऑफिस. दुसरा अर्थ त्या घराच्या उंबऱ्यातून आत कधी आलाच नव्हता.

आम्हाला अकोटजवळच्या त्या गावी बोलावलं होतं ते दसऱ्याच्या झेंडूसाठी. तोडणीला बाया मिळत नव्हत्या. पण खरं काम दुसरं होतं. आजोबांच्या मागे सातबाऱ्यावर मामाबरोबर आईचंही नाव लागलं होतं. दसरा झाला की आईनं हक्कसोड लिहून द्यायची, म्हणजे भावासाठी आपला हिस्सा सोडल्याच्या कागदावर सही करायची, असं ठरलं होतं. आमच्याकडे बऱ्याच बहिणी ती करतात. आईही करणार होती. बसमध्ये अंजनगावच्या अलीकडे ती मला म्हणाली होती, “एकदाची सही झाली का दादाच्या डोक्यावरचं ओझं उतरंल.”

म्हणजे मला फक्त पडदा बाजूला करून सांगायचं होतं, की मामी, हा करार देवाबरोबरचा आहे, जमिनीचा नाही.

ते वाक्य मी आधी इंग्रजीत जुळवलं. मग मराठीत आणलं. मग ते उद्धट वाटलं म्हणून पुन्हा बदललं. पडद्याआड उभी राहून ऐकत होते हे कसं सांगायचं? आणि बाप्तिस्म्याचं मामाला अजून माहीत नव्हतं. ते आईला आपल्या तोंडानं सांगायचं होतं, ते मी कसं फोडायचं? ही सगळी कारणं मी नंतर गोळा केली आहेत. त्या क्षणी मी ड्रेसची दुसरी बाही चढवत राहिले, एवढंच. बोलायची वेळ आली की शाळेपासून माझं असंच होतं.

मामीनं पडदा सरकवला. मला पाहून दचकली, मग हसली. “काय मॅडम, उभ्याच? काही पाह्यजे काय?”

“पाणी,” मी म्हणाले.

तिनं तांब्याभर पाणी दिलं. मी ते सगळं प्यायले आणि तिच्या मागोमाग वावरात गेले.

मामा हात उचलणारा माणूस होता. हे आमच्यात कुणी लपवत नसे. आई तेरा वर्षांची असताना न विचारता मैत्रिणीबरोबर अकोटला सिनेमाला गेली म्हणून त्यानं तिला विहिरीच्या दोरानं मारलं होतं. तिच्या पाठीवर अजून एक पांढरी रेघ आहे. त्याच मामानं बाबांच्या शेवटच्या आजारात अकरा दिवस दवाखान्याच्या फरशीवर झोपून काढले, आणि बाबांची लघवीची पिशवी रिकामी करताना कधी तोंड वाकडं केलं नाही. दोन्ही खरं होतं. आई त्याच्याबद्दल बोलायची तेव्हा दोन्ही एका दमात सांगायची.

मी सात वर्षांची असताना पेरणीच्या आधी त्यानं धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, म्हसोबापुढे बोकड कापला होता. एका घावात मान तुटली नाही. दुसरा घाव खांद्यावर बसला. बोकड तोपर्यंत ओरडायचा थांबला होता, नुसता पाय झाडत होता. तिसऱ्या घावानंतर मामानं रक्त परातीतल्या भातात कालवलं आणि चारी धुऱ्यांवरून फेकत गेला. परत आल्यावर रक्तानं ओला अंगठा त्यानं माझ्या कपाळाला लावला. “वावरासंग बोलनं झालं आपलं,” तो म्हणाला. “आता वर्सभर थे आपलं अन् आपन त्याचे.” मी तिथंच ओकले. तो हसला आणि मला खांद्यावर बसवून विहिरीपर्यंत घेऊन गेला.

मामीच्या मागोमाग मी वावरात पोचले तेव्हा आई झेंडूच्या ओळीत वाकलेली होती. दोन मजूर बाया पुढच्या सरीत होत्या. मला धुऱ्याजवळ पोत्यांची तोंडं शिवायला बसवलं. हाताशी दाभण, सुतळी आणि ती कापायला विळा. मामा मोटारपंपाकडून आला. त्याच्या हातात फावडं होतं, आणि चालण्यात घाई नव्हती.

“बाई,” तो म्हणाला, “करार केला म्हनते तू?”

आई उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर काय आलं ते मी पाहिलं. सुटका आली. तीन महिने ती हे कसं सांगायचं याची भीती बाळगून होती, आणि आता तोच विचारत होता. तिनं हात पदराला पुसले.

“केला, दादा.”

“मले न इचारता?”

“तुले इचारलं असतं तं तू करू देल्ला असता काय?”

“कोनासंग केला?”

“तुले मालूम हाय कोनासंग.”

“अन् जुन्याचं काय? बापानं करून ठेवलं होतं त्याचं?”

“जुनं संपलं, दादा,” आई हळूच म्हणाली. “मी त्याले नाव नाही ठेवत. पन आता थे मले लागू नाही.”

“बापाचं संपलं म्हनते!” मामानं मजूर बायांकडे पाहिलं, जणू त्यांनी साक्षीला राहावं. “साक्षीदार कोन होते?”

“सगळेच होते. चाळीस मानसं होते.”

“देल्लं काय काय?”

“सगळं देल्लं. माह्यं म्हनून काही नाही ठेवलं.”

आई खरं बोलत होती. प्रत्येक उत्तर ती शांतपणे, जवळजवळ आनंदानं देत होती, कारण तिला वाटत होतं की तिचा भाऊ तिच्या देवाबद्दल विचारतोय. आणि प्रत्येक उत्तरानं ती आपल्या हातानं बापाचं वावर परक्याला लिहून देत होती.

पहिली थप्पड कानावर बसली. आई बाजूला झुकली, पडली नाही. दुसरी तोंडावर. मामानं तिचा अंबाडा धरला आणि तिला खाली ओढलं, झाडं मोडत ती गुडघ्यांवर आली. “बापाची माती इकली तूनं,” तो म्हणाला. अजून ओरडत नव्हता. मग त्यानं फावडं उलटं केलं आणि दांडा तिच्या पाठीत घातला. तेव्हा तो ओरडू लागला. “बापाची माती इकली! बापाची माती!” प्रत्येक शब्दाला एक. लाकूड अंगावर बसतं तेव्हा येणारा आवाज फार साधा असतो. गादी झटकल्यासारखा. आई ओरडत नव्हती, फक्त प्रत्येक घावाला तिच्या तोंडातून हवा बाहेर पडत होती.

मामी धुऱ्यावरून धावत आली. “आवो, मरन ना थे! सोडा!” ती त्याच्या जवळ गेली नाही. मजूर बायांतली म्हातारी म्हणाली, “अबे, बहीन हाय ना तुही!” आणि तीही जागची हलली नाही.

‘मामा, तो जमिनीचा करार नाही.’ पाच शब्द. ते मी घरापासून तोंडात धरले होते. तेव्हाही ते बोलले असते तर तो थांबला असता, निदान विचारायला तरी थांबला असता. माझं तोंड उघडलं होतं हे मला आठवतं, कारण त्यात धूळ गेली.

आईनं डोकं वाचवायला उजवा हात वर केला. दांडा मनगटावर आला. वाळलेली पऱ्हाटी मोडावी तसा आवाज झाला. तेव्हा ती ओरडली.

मी उठले कधी ते मला सांगता येत नाही. विळा मामाच्या हातावर कोपराखाली लागला आणि मनगटापर्यंत सरकत गेला. त्याचं कातडं उघडताना मला हाताला जाणवलं, ताडपत्री कापताना जाणवतं तसं. मी पुन्हा उगारला. दुसरा घाव मला त्याच्या मानेवर घालायचा होता. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, पण मला जागा दिसत होती. मामीनं मागून माझ्या कंबरेला मिठी घातली आणि आम्ही दोघी पडलो.

मामा आपल्या हाताकडे पाहत होता. मग माझ्याकडे. त्याला राग आलेला नव्हता, त्याला विश्वास बसत नव्हता.

“तू?” तो म्हणाला.

झेंडूवर रक्त पडलं की लाल दिसत नाही. फूल नुसतं काळपट होतं, पावसात भिजल्यासारखं.

मामानं जखमेत हळद भरली, मामीची ओढणी गुंडाळली आणि फुलांचा टेम्पो भरायला लागला. दसरा कुणासाठी थांबत नाही. मजूर म्हातारीनं आम्हाला ऑटोत बसवून दिलं. अकोटच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं लागलं, आणि त्यांनी पोलिसांना कळवल्यावर थोड्या वेळानं एक हवालदार आला.

“पडली,” आई म्हणाली.

“कुठी?”

“धुऱ्यावर.”

त्यानं तिच्या सुजलेल्या ओठाकडे पाहिलं, मग पाठीवर फाटलेल्या ब्लाउजकडे. मग माझ्याकडे वळला. “तुमी होत्या ना मॅडम तठी? का तुमीही धुराच पाहून राहिल्या होत्या?”

मी फरशीकडे पाहिलं. तो वही मिटून गेला.

अमरावतीला आल्यावर आईच्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर घातलं. मशीन बंद झालं. मी ज्या ट्यूशन क्लासमध्ये लहान मुलांचे इंग्रजीचे पेपर तपासायचे, तिथं लाल पेन इतकं दाबलं जाऊ लागलं की कागद फाटायचे. रस्त्यानं जाताना गाडीवरचं कुणी हॉर्न वाजवून अंगावरून गेलं की त्याला ओढून खाली पाडावं असं वाटायचं. मी शांत मुलगी म्हणून ओळखली जाते. आपल्या हाताला काय करता येतं हे कळल्यावर मला माझ्या हातांची भीती वाटू लागली होती, आणि खरं सांगायचं तर थोडा अभिमानही. विळ्याचं सगळ्यांना कळलं होतं. हॉलमधल्या बायका मला जवळ घेऊन म्हणायच्या, आईसाठी धावली पोरगी. कोठीच्या खोलीतलं मात्र कुणालाच माहीत नव्हतं.

पुढच्या रविवारी आई साक्ष द्यायला उभी राहिली. साक्ष म्हणजे देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायचं. याआधी ती कधी उभी राहिली नव्हती.

“माझ्या भावानं मले मारलं,” ती म्हणाली. “म्हणाला, बापाची माती विकली. बापाचा धर्म सोडला म्हणून म्हणाला तो. मी प्रभूसाठी मार खाल्ला. अन् मी त्याले माफ केलं.”

हॉलभर “आमेन” झालं. शेजारची म्हातारी रडू लागली. आई प्लास्टर छातीशी धरून उभी होती आणि तिचा चेहरा उजळला होता. बाबांच्या मागे तिला मी अशी कधी पाहिली नव्हती. तिच्या मोडलेल्या हाडाला अर्थ मिळाला होता. मला माहीत होतं की तिला प्रभूसाठी मारलंच नव्हतं. एका शब्दासाठी मारलं होतं, आणि तो शब्द सोडवून सांगणारं माणूस पडद्याआड ड्रेस घालत होतं. मी हे सांगितलं असतं तर तिच्याकडे नुसतं प्लास्टर उरलं असतं.

पास्टर त्या दिवशी नव्या करारावरच बोलले. ते पूर्वी एसटीत कंडक्टर होते, अकोला डेपोला, आणि अजूनही मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं बोलतात. जुन्या करारात, ते म्हणाले, नियम दगडावर होते आणि बैलांचं रक्त लोकांवर शिंपडलं होतं. लोकांनी शब्द दिला आणि मोडला, पुन्हा दिला, पुन्हा मोडला. पुन्हा पुन्हा रक्त. मला कपाळावरचा ओला अंगठा आठवला. मग देवानं म्हटलं की आता मी नवा करार करतो. यात नियम दगडावर नाही, काळजावर लिहीन. रक्त एकदाच, आणि ते माझ्या मुलाचं. त्यानंतर कुणाचंच नको. आणि यांच्या पापांची मी आठवणसुद्धा ठेवणार नाही.

“आपल्या करारात काय असतं?” पास्टर म्हणाले. “एकानं मोडला की दुसरा मोकळा. लगेच वकील. हा करार असा नाही. तुम्ही मोडला तरी तो त्याच्या बाजूनं धरून बसतो.”

मग द्राक्षरसाचे छोटे पेले ट्रेमधून फिरले. ते बाप्तिस्मा झालेल्यांसाठी असतात. माझा झाला नव्हता, त्यामुळे ट्रे माझ्यापुढून जायचाच. त्या दिवशी तो जाताना मी डोळे मिटून घेतले.

प्रार्थना संपल्यावर पास्टर खाली स्कूटरला किक मारत होते. ती सुरू होत नव्हती. मी जवळ जाऊन उभी राहिले. त्यांना माझ्या अशा उभं राहण्याची सवय होती, ते किक मारत राहिले.

“देव पापं विसरतो,” मी म्हणाले. “न सांगितलेली पण?”

“न सांगितलेली?” त्यांनी घाम पुसला. “हे बघ बेटा, देवाला माहीतच असतं, त्याला तुझ्या कळवण्याची गरज नाही. पण मी वीस वर्षं तिकिटं फाडली. जो पैसे न देता मागच्या दारानं उतरला त्याला मी काय माफ करणार? मला तो माहीतच नाही. तो मात्र आयुष्यभर कंडक्टर दिसला की तोंड लपवणार.” स्कूटर सुरू झाली. “कुणाचं नुकसान केलंस? देवाचं का माणसाचं?”

त्यांनी क्षणभर वाट पाहिली, मग गेले.

दिवाळीच्या आधी मामीचा फोन आला. आईनं स्पीकरवर टाकला, कारण डाव्या हातानं तिला फोन नीट धरता येत नव्हता. हळदीखाली जखम आतून पिकत गेली होती. मामाला शुगर होती हे कुणाला माहीतच नव्हतं. हात काळा पडला, ताप चढला, अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. दोन बोटं काढली होती. उद्या डॉक्टर पाहणार होते, की कोपरापासून काढावा लागतो का.

“तुमच्या मेमसाहेबले सांगा,” मामी म्हणाली. “म्हना, बरं झालं का आता? निंदाई एका हातानं कशी करा लागते थे येऊन शिकवून जाय म्हना.”

आईनं फोन ठेवला आणि कपाटातून डाव्या हातानं पातळ काढायला लागली. “मूर्तिजापूरमार्गे गाडी भेटते आता,” ती म्हणाली. मी येणार का असं तिनं विचारलं नाही. मी तिच्या निऱ्या करून दिल्या.

वॉर्ड मोठा होता. मामा खिडकीजवळच्या खाटेवर होता आणि खाट त्याला मोठी होत होती. उजवा हात उशीवर ठेवलेला, कोपरापर्यंत पट्टी, पट्टीबाहेर खांद्याकडे कातडं ताणून चकाकत होतं. वास येत होता. मामी पायथ्याशी बसून होती. मला पाहून तिनं तोंड फिरवलं. मामानं पाहिलं, पण माझ्याकडे नाही, आईच्या प्लास्टरकडे.

“दोघंही उजव्याच हातानं गेलो,” तो म्हणाला.

आई खाटेच्या कडेवर बसली. तिनं डाव्या हातानं त्याचं कपाळ पाहिलं, लहान मुलाचं पाहतात तसं. “दादा, मी तुले माफ केलं,” ती म्हणाली. “माह्या मनात काही नाही. मी देवासाठी मार खाल्ला, मले त्याचं दुःख नाही.”

“देवासाठी?” मामानं डोळे उघडले. “देवासाठी काहून? तू थ्या चर्चात जाऊन राहिली थे मले कवाचं मालूम हाय. सारं गाव बोलते. मी बोललो काय तुले कधी? तुह्या देवानं माह्यं काय घोडं मारलं?”

आईचा हात त्याच्या कपाळावरून उतरला.

“मी मारलं थे चुकलं,” मामा म्हणाला. ते वाक्य त्याच्या तोंडून ओढून काढल्यासारखं आलं. “पन तू अजून चोरून राहिली. उद्या माह्या हाताचं काय होईल मालूम नाही. मले आज सांग. थो सहीवाला कोन? अन् गट नंबर कोनता टाकला? इहिरीकडला तुकडा देल्ला का नाल्याकडला?”

“तुकडा?” आई म्हणाली.

“वावराचा तुकडा वं. करार केला म्हने ना तूनं.”

“थो करार...” आई म्हणाली. तिची नजर प्लास्टरवर गेली. मी तिला ते सगळं उलटीकडून जोडताना पाहत होते, एकेक उत्तर, चाळीस माणसं, सगळं देल्लं, जुनं संपलं. तिच्या चेहऱ्यावरचा उजेड गेला. तो असा जाताना मला पाहायचा नव्हता म्हणून मी इतके दिवस गप्प होते, आणि तो तरीही गेला. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. इंग्रजीतलं पत्र आलं की ती असंच पाहते. यात काय लिहिलंय ते सांग, असं.

मामीही पाहत होती. शेजारच्या खाटेवरचा म्हातारासुद्धा. मला अजूनही ‘मला काय माहीत’ म्हणता आलं असतं. वहीत काय आहे तेवढंच समजावून सांगता आलं असतं, आणि ते खोटं ठरलं नसतं. मी खाटेचा लोखंडी दांडा धरला.

“त्या वहीत वावराचं काहीच नाही, मामा. थो देवासंगचा करार हाय, आई तं तुमाले सही देणारच होती. मामी फोनवर वाचून राहिली होती तवाच मले समजलं होतं, मी पडद्यामागंच होती. मले मालूम होतं, आई, अन् मी चूप राहिली.”